जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेले ड्रॉइंग मुके का होते?

प्रश्न : जिल्ह्याच्या गावी आमचे छोटे सल्लागार कार्यालय आहे. सिव्हिल थ्रीडीची २०१६ ची आवृत्ती आम्ही कायमच्या परवान्यावर विकत घेतली होती, तीच अजून वापरतो. रस्ता रुंदीकरणाच्या एका कामात मुख्य सल्लागाराकडून २०२२ च्या आवृत्तीतली फाईल आली. ती उघडेचना. आम्ही म्हटले, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या. त्यांनी दिली. आता फाईल उघडते, सगळे दिसते. पण अलाइनमेंट बदलता येत नाही, एल-सेक्शन हलत नाही, सरफेसवरून लेव्हल मिळत नाही. जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केले तरी फाईल जुन्या व्हर्जनची होत नाही का? आणि हे कंपन्यांना जमत नाही, की त्यांना करायचेच नसते?

उत्तर : होत नाही. मुख्य सल्लागाराने दिलेली फाईल चुकीची नाही आणि तुमच्या संगणकातही दोष नाही. ‘सेव्ह अ‍ॅज’ केल्याने बदलले ते फाईलचे आवरण. आवरणाच्या आतली अलाइनमेंट, प्रोफाइल, सरफेस २०२२ चीच राहिली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे रोज ड्रॉइंग हाताळणाऱ्यांनाही सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आवरणाचे पाहू. डीडब्ल्यूजी हा एकच एक प्रकार नाही. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले, त्यानंतर या फाईलची आतली मांडणी अनेकदा बदलली. कोणती मांडणी आहे याची खूण प्रत्येक फाईलच्या अगदी सुरुवातीला सहा अक्षरांत लिहिलेली असते. एसी १०१५ म्हणजे ऑटोकॅड २००० ची मांडणी, १०१८ म्हणजे २००४ ची, १०२१ म्हणजे २००७ ची, १०२४ म्हणजे २०१० ची, १०२७ म्हणजे २०१३ ची आणि १०३२ म्हणजे २०१८ ची. फाईलची एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा. पुढे सगळी अगम्य चिन्हे असतील, पण पहिली सहा अक्षरे स्वच्छ वाचता येतात. (तिथे सेव्ह मात्र करू नका, ती प्रत निकामी होईल.) ऑटोकॅड २०१३ ते २०१७ पर्यंत १०२७ चालू होते. २०१८ मध्ये १०३२ आले आणि २०२५ च्या आवृत्तीतही तेच आहे. तुमची २०१६ ची आवृत्ती १०२७ पर्यंतच वाचते, म्हणून पहिली फाईल उघडली नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी २०१३ ची मांडणी निवडून दिली, म्हणून ती उघडली.

साध्या ऑटोकॅडचे ड्रॉइंग असते, तर गोष्ट इथेच संपली असती. रेषा, कंस, पॉलिलाइन, मजकूर, ब्लॉक हे सगळे २०१३ मध्येही होते आणि २०२२ मध्येही आहेत. एका मांडणीतून दुसरीत नेताना त्यांचे फारसे काही बिघडत नाही. एखाद्या इमारतीचा प्लॅन किंवा कल्व्हर्टचे तपशील अशा रीतीने बिनधोक मागे नेता येतात.

सिव्हिल थ्रीडीतली अलाइनमेंट मात्र रेषा नव्हे. तिच्यात सरळ भाग किती, वक्राची त्रिज्या किती, संक्रमण वक्राची लांबी किती, डिझाइन स्पीड काय, चेनेज कुठून सुरू होते ही सगळी माहिती असते. एल-सेक्शन त्या अलाइनमेंटवर अवलंबून आणि खालच्या सरफेसवरही. कॉरिडॉर या दोघांवर आणि असेंब्लीवर अवलंबून. क्रॉस सेक्शन कॉरिडॉरवर, मातीकामाचे आकडे क्रॉस सेक्शनवर. कागदावर दिसते ते या साखळीचे फळ असते. एक त्रिज्या बदलली की शेवटी भरावाचे घनमीटर बदलतात ते या साखळीमुळेच, आणि तुम्ही सिव्हिल थ्रीडी विकत घेतले तेही त्यासाठीच.

ही माहिती फाईलमध्ये लिहिण्याचे आणि वाचण्याचे काम ऑटोकॅड करत नाही, त्यावर बसवलेले सिव्हिल थ्रीडीचे भाग करतात. २०१८ च्या आवृत्तीत आवरणाबरोबर या वस्तूंची घडणही बदलली. २०१६ च्या भागांना ती नवी घडण माहीतच नाही. मग ऑटोकॅड एक सावध पाऊल उचलते. न समजलेली माहिती फेकून न देता ती मोहोरबंद गाठोड्यासारखी तशीच ठेवते आणि तुम्हाला फक्त तिचे शेवटचे साठवलेले चित्र दाखवते. याला प्रॉक्सी म्हणतात. तुमच्यासमोर आहे ती प्रॉक्सी. दिसते, छापता येते, पण तिला चेनेज विचारता येत नाही. पाठवणाऱ्याने सेव्ह करताना ‘प्रॉक्सीग्राफिक्स’ हे सेटिंग शून्यावर ठेवले असेल, तर तेवढे चित्रही मिळत नाही, नुसती चौकट दिसते. म्हणून फाईल मागताना ते १ वर ठेवायला सांगावे.

अशा वेळी पुष्कळ जण वैतागून ‘एक्सप्लोड’ करतात. तसे करू नका. गाठोडे तसेच राहिले तर मुख्य सल्लागाराच्या संगणकावर वस्तू पुन्हा जिवंत होऊ शकतात, फोडले की उरतात त्या रेषा. फोडलेले ड्रॉइंग हवेच असेल तर ते त्यांनी त्यांच्याकडे करून द्यावे. ‘एक्सपोर्ट सिव्हिल थ्रीडी ड्रॉइंग’ ही सोय त्यासाठीच आहे. मूळ फाईल तशीच राहते आणि साध्या ऑटोकॅडच्या रेषांची वेगळी फाईल तयार होते. छापायला, मोजायला, साईटवर दाखवायला ती पुरते. डिझाइनला ती पुरत नाही, याचे एक ठोस कारण सांगतो. महामार्गाच्या वक्राआधी आणि वक्रानंतर आपण संक्रमण वक्र देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३८ मध्ये त्याचे तक्ते आहेत. हा वक्र क्लोथॉइड जातीचा, म्हणजे त्याची वक्रता अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. साध्या ऑटोकॅडमध्ये क्लोथॉइड नावाची वस्तूच नाही. त्यामुळे फोडल्यावर त्याच्या जागी जवळपास तसा दिसणारा आकार येतो. त्यावरून पुन्हा अलाइनमेंट बांधली तर स्पायरलची लांबी गेलेली असते आणि पुढचे चेनेज सरकू शकते. आखणीच्या खुंट्या या चेनेजवरून ठोकायच्या असतात.

ऑब्जेक्ट एनेबलरचे नाव तुम्ही ऐकले असेल. तो मोफत मिळतो. ज्यांच्याकडे सिव्हिल थ्रीडी नाही, नुसते ऑटोकॅड आहे, त्यांना वस्तू नीट दिसाव्यात म्हणून तो असतो. तुमच्या जुन्या सिव्हिल थ्रीडीला तो नवी घडण शिकवत नाही.

मग तुम्ही मागायचे काय? लँड एक्सएमएल. २००० सालापासून आकार घेत गेलेली ही देवाणघेवाणीची फाईल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये माणसाला वाचता येते, आणि तिची १.२ ही आवृत्ती तुमचे २०१६ सहज वाचते. तिच्यातून अलाइनमेंट स्पायरलसकट येते, प्रोफाइल व्हर्टिकल कर्व्हसकट येते, सरफेस बिंदू आणि त्रिकोणांसह येतो, पाइप नेटवर्क येते. कॉरिडॉर जिवंत येत नाही. लेबले, स्टाइल येत नाहीत. असेंब्ली तुम्हाला तुमच्याकडे पुन्हा बांधावी लागेल, आणि सुपरएलिव्हेशनचा तक्ता वेगळा मागून घ्यावा हे उत्तम.

आयात केल्यावर लगेच कामाला लागू नका. अलाइनमेंटची एकूण लांबी आणि शेवटचे चेनेज त्यांच्या पीडीएफशी जुळते का पाहा. दोन-तीन वक्रांच्या त्रिज्या पाहा. सरफेसची किमान आणि कमाल पातळी, क्षेत्रफळ जुळवा. त्रिकोणांची जोडणी बदलली असेल तर नाल्याच्या किंवा बांधाच्या जागी पातळी चुकते आणि एरवी ते डोळ्याला कळत नाही. लँड एक्सएमएलमध्ये निर्देशांक उत्तर आधी, पूर्व नंतर असे लिहिलेले असतात. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून फाईल फिरून आली असेल तर अदलाबदल झालेली सापडते. आणि रिकामे ड्रॉइंग उघडताना मेट्रिक टेम्प्लेट घेतले आहे ना, तेही एकदा बघा.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, जमत नाही की करायचे नसते. दोन्हींत तथ्य आहे. नव्या आवृत्तीत एखाद्या वस्तूला नवा गुण मिळाला, तो जुन्या आवृत्तीला लिहिताच येत नसेल, तर दोनच वाटा उरतात. तो गुण गाळायचा किंवा त्याच्या जवळचे काहीतरी लिहायचे. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हे खपेल. रस्त्याच्या डिझाइनमध्ये एक नियम गुपचूप गळला आणि जुन्या आवृत्तीने कॉरिडॉर पुन्हा उभारला, तर आकडे बदलतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. त्यापेक्षा ‘मला हे कळत नाही’ असे म्हणून हात बांधून घेणारी प्रॉक्सी मला अधिक प्रामाणिक वाटते.

पण व्यापाराचा भागही आहे आणि तो मोठा आहे. डीडब्ल्यूजीचे तपशील ऑटोडेस्कने स्वतः खुले केलेले नाहीत. १९९८ मध्ये ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स, आजची ओपन डिझाइन अलायन्स, स्थापन झाली ती मुख्यतः यासाठी. फाईल उलगडून तिची मांडणी इतरांना वाचता यावी यासाठी या संस्थेने काम केले आणि तिचा फाईल कन्व्हर्टर आज मोफत मिळतो. ऑटोडेस्कचा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूही मोफत आहे आणि आवरण बदलण्याचे काम चोख करतो. नव्या कायमच्या परवान्यांची विक्री कंपनीने २०१६ मध्ये थांबवली. तुमची आवृत्ती त्या शेवटच्या खेपेतली. ती चालत राहते, पण समोरून येणाऱ्या फाईली दरवर्षी पुढे जातात आणि अडचण होते ती जुना परवाना जपणाऱ्या छोट्या कार्यालयाची. हे न्याय्य आहे असे मला वाटत नाही. मायक्रोस्टेशनची डीजीएन व्ही ८ ही मांडणी २००१ मध्ये आली आणि दोन दशकांहून अधिक काळ टिकली आहे, म्हणजे ठरवले तर आवरण स्थिर ठेवता येते. त्यात भरलेल्या रस्त्याच्या वस्तूंना आवृत्ती असतेच, तो भाग वेगळा.

प्रश्न : आम्ही उलट्या बाजूला आहोत. आमच्याकडे नेहमी सर्वांत नवी आवृत्ती असते. जुन्या फाईली नव्यात उघडतातच, मग आम्हाला काळजी कशाची?

उत्तर : उघडतात, आणि नेमका तिथेच घोळ होतो. जुनी फाईल नव्या सिव्हिल थ्रीडीत उघडून सेव्ह केली की आतल्या वस्तू नव्या घडणीच्या होतात. परतीचा रस्ता नाही. तुमच्या कार्यालयातल्या एकाने उत्साहाने सर्व्हेची फाईल नव्या आवृत्तीत सेव्ह केली, तर डेटा शॉर्टकटने तिच्यावर उभ्या असलेल्या साऱ्या जुन्या फाईलींना तिच्यातला सरफेस वाचता येत नाही. त्यामुळे चालू काम मध्यावर असताना आवृत्ती बदलू नये. बदलायचीच तर आख्खा प्रकल्प एका दिवशी, आधी पूर्ण प्रत बाजूला ठेवून, आणि मातीकामाचे आकडे आधीचे आणि नंतरचे ताडून बदलावा. रेव्हिटमध्ये तर जुन्या आवृत्तीत सेव्ह करण्याची सोयच नाही. तिथे ही शिस्त आणखी कडक लागते.

स्ट्रक्चरवाल्यांसाठी दोन शब्द. स्टॅड प्रोची एसटीडी फाईल साध्या मजकुराची आहे. नोड, मेंबर, लोड सगळे ओळीओळीने लिहिलेले. त्यामुळे फार जुनी फाईलही आज वाचता येते, आणि नवी फाईल जुन्यात अडली तर कोणत्या ओळीवर अडली ते माणसाला दिसते. ईटॅब्सची ईडीबी फाईल बंद स्वरूपाची आहे, पण तिची मजकुरातली प्रतही सॉफ्टवेअर त्याच फोल्डरमध्ये ठेवते, तिचे एक्स्टेन्शन डॉलर चिन्हाने सुरू होते. अनेक जण तिला कचरा समजून पुसतात. पुसू नका. जुन्या आवृत्तीत परत जायची वेळ आलीच तर तीच किंवा ई-टू-के निर्यात कामी येते. आयातीचा लॉग वाचायचा, न ओळखलेल्या ओळी हाताने तपासायच्या.

आणखी एक गोष्ट इथे आपल्या देशाच्या संहितांमुळे येते. २०१६ मध्ये आयएस १८९३ चा पहिला भाग आणि आयएस १३९२० दोन्ही सुधारले गेले. त्याआधीचे मॉडेल नव्या आवृत्तीत उघडले म्हणजे ते आपोआप नव्या संहितेचे होते असे समजू नका, आणि जुन्याच संहितेवर राहिले असेही गृहीत धरू नका. भूकंपाच्या लोड केसमध्ये कोणते वर्ष निवडलेले आहे ते उघडून पाहा. फाईल विनातक्रार उघडली याचा अर्थ उत्तर तेच येईल असा नाही.

प्रश्न : मी सेवानिवृत्त उपअभियंता आहे. आमच्या वेळची ड्रॉइंगे ट्रेसिंगवर होती, ती आजही वाचता येतात. आजच्या फाईली वीस वर्षांनी वाचता येतील का?

उत्तर : फाईल कशी ठेवली यावर आहे. हायब्रीड अ‍ॅन्युइटी पद्धतीच्या महामार्गावर कंत्राटदाराची देखभालीची जबाबदारी साधारण पंधरा वर्षांची असते, बीओटीमध्ये त्याहून लांब. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. तो बांधला जात होता तेव्हा ऑटोकॅडची चौदावी आणि २००० ही आवृत्ती चालत होती. त्या काळातली साधी डीडब्ल्यूजी आजच्या ऑटोकॅडमध्ये उघडते. निव्वळ रेषांचे ड्रॉइंग चांगले टिकते. न टिकणाऱ्या गोष्टी बहुधा बाजूच्या असतात. बाहेरून जोडलेली संदर्भ-ड्रॉइंगे हरवतात, प्लॉट स्टाइलची फाईल हरवते, फॉन्ट हरवतो.

फॉन्टचा त्रास महाराष्ट्रात विशेष आहे. डीडब्ल्यूजीत युनिकोड २००७ च्या मांडणीपासून आले. त्याआधीच्या भूसंपादनाच्या नकाशांत गावांची, शिवारांची नावे आणि गटांच्या नोंदी श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर नकाशातल्या रेषा जागच्या जागी राहतात आणि गावाच्या नावाच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. जमिनीच्या नकाशात नावच गेले तर उरले काय? ज्यांच्या ताब्यात अशा फाईली आहेत, त्यांनी फॉन्ट मिळतो आहे तोवर त्यांची पीडीएफ करून ठेवावी आणि नावे युनिकोडमध्ये पुन्हा लिहून घ्यावीत. हे काम वेळखाऊ आहे, पण ते करू शकणारी माणसे आज आहेत.

दीर्घकाळ जपायच्या पीडीएफसाठी पीडीएफ/ए हा आंतरराष्ट्रीय मानकाचा प्रकार २००५ पासून उपलब्ध आहे. त्यात फॉन्ट फाईलच्या आतच बांधलेले असतात. तुमच्या ट्रेसिंगचे काम तो करतो. साखळीसकट मॉडेल जपण्यासाठी आयएफसी या खुल्या पद्धतीकडे पाहावे लागेल. ती आधी इमारतींपुरती होती, ४.३ आवृत्तीत रस्ते, रेल्वे, पूल आले आणि २०२४ मध्ये या आवृत्तीला आयएसओ १६७३९-१ म्हणून मान्यता मिळाली. तिचा वापर रुळायला वेळ लागेल. तोवर लँड एक्सएमएल सोडू नये.

पहिला प्रश्न विचारणाऱ्या कार्यालयासह सर्वांना माझी विनंती आहे, आणि निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांना ती अधिक आग्रहाने आहे. ‘सॉफ्ट कॉपी द्यावी’ एवढेच करारात लिहू नका. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणत्या वर्षाची आवृत्ती कामाच्या शेवटापर्यंत चालेल, ते लिहा. मूळ फाईल सगळ्या जोड-फाईली आणि फॉन्टसह, अलाइनमेंट-प्रोफाइल-सरफेसची लँड एक्सएमएल, स्ट्रक्चरच्या मॉडेलची मजकुरातली प्रत आणि प्रत्येक ड्रॉइंगची पीडीएफ/ए, हे सगळे शेवटच्या बिलाआधी ताब्यात घ्या, आणि ज्या संगणकावर पुढे वापरायचे आहे त्याच संगणकावर उघडून पाहून मगच पोच द्या.